सत्कारासाठी खेळ कसा निवडावा

शाळेतून चिठ्ठी आली, मुलाला एखाद्या खेळात घाला. तुम्ही लगेच त्याची उंची, खांदे, दम असलं काहीतरी बघायला लागलात. चुकतंय. आधी बघायचं ते आपल्या गोव्याच्या विमानतळांवर. त्या खेळात जिंकून आलेल्याला घ्यायला दाबोळीला किंवा मोपाला कोण येतं? हार घेऊन आमदार, की स्कूटर घेऊन मामा? मामा येत असेल तर तो खेळ प्रकृतीला उत्तम. दिवाणखान्यात शोकेस करायची असेल तर दुसरा बघा.

क्रिकेट, हे उत्तर सगळ्यांनाच येतं. पण क्रिकेटमध्ये घातला म्हणजे सुटलो, असं समजू नका. डिसेंबर २०२२, पर्वरीचं मैदान, रणजी करंडकात गोवा विरुद्ध राजस्थान. आपल्या सुयश प्रभुदेसाईनं २१२ धावा काढल्या. त्याच डावात अर्जुन तेंडुलकरनं रणजी पदार्पणात १२० काढल्या. आता डोळे मिटून त्या दिवसाचा मथळा आठवा. अर्जुनचा दोष काडीचाही नाही. पोरानं शतक ठोकलं, त्याच्या वडिलांनीही रणजी पदार्पणात ठोकलं होतं, त्यामुळे बातमी लिहून तयारच होती, आकडा तेवढा भरायचा होता. तुम्ही फक्त वजाबाकी करून ठेवा : २१२ वजा १२०, उरले ९२. आडनावाची भरपाई करायला ९२ धावाही पुरल्या नाहीत. हा ९२ पुढे पुन्हा लागणार आहे.

मुलगी असेल तर आणखी एक हिशोब पाठ करा. २०२४ मध्ये पुरुषांनी टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, क्रिकेट मंडळानं १२५ कोटी जाहीर केले. २०२५ मध्ये महिलांनी एकदिवसीय विश्वचषक जिंकला, मंडळानं ५१ कोटी जाहीर केले. वीस षटकांचे १२५ आणि पन्नास षटकांचे ५१, तेव्हा दर षटकांवर नसतो एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

आता फुटबॉल. गोव्यात राहून फुटबॉलला नाही म्हटलं तर शेजारी बोलणार. भातकापणी झाली की शेतात दोन बांबू रोवून सुरू होणारा हा खेळ २०१२पासून आपला राज्यखेळ आहे. राज्यखेळ म्हणजे राज्यप्राण्यासारखंच. गवा हा आपला राज्यप्राणी. मान मोठा, चारा ज्याचा त्यानं शोधायचा. धेंपो क्लबनं पाच वेळा देशाचं लीग विजेतेपद गोव्यात आणलं. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनीही आय-लीगमधून अंग काढून घेतलं, कारण लीगच्या नव्या रचनेत त्यांना वरच्या पायरीवर जागा दिसेना. एवढं करूनही पोरगा फुटबॉलच खेळणार म्हणाला, तर त्याच्या गुडघ्यांची आतापासून काळजी घ्या. ब्रह्मानंद शंखवाळकर ऐंशीच्या दशकात भारताचे कर्णधार होते, गोलरक्षक म्हणून देशभर नाव. अर्जुन पुरस्कार १९९७ मध्ये, पद्मश्री २०२२ मध्ये. सन्मान येतो हो, येत नाही असं नाही. फक्त तो घ्यायला व्यासपीठाच्या पायऱ्या चढता आल्या पाहिजेत.

पाण्यातले खेळ टाळा. विंडसर्फिंगला गोव्यासारखी जागा नाही, दुपारनंतर वारा छान लागतो, आंतरराष्ट्रीय पातळीवरचे सर्फर इथल्याच किनाऱ्यावर तयार झालेत. अडचण एवढीच की शर्यत किनाऱ्यापासून लांब होते. कॅमेऱ्यात दिसतं ते एक शीड. त्याखाली कोण आहे ते आईलाही ओळखता येत नाही, आणि आमदाराला होडीत बसवून तिथपर्यंत नेलं तर तो परत येईपर्यंत दुसऱ्या पक्षात गेलेला असतो.

बुद्धिबळात फोटो मिळतो, पण दोघांच्याही माना खाली. २०२२च्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये भारताच्या महिला संघानं पहिल्यांदाच पदक मिळवलं. त्या कांस्यविजेत्या संघात आपली भक्ती कुलकर्णी होती. त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कारही तिला मिळाला. बाजारात उभं राहून दहा जणांना तिचं नाव विचारा आणि किती जण 'कोणती भक्ती, भजन गाणारी?' असं विचारतात ते मोजा. २०२५ मध्ये बुद्धिबळाचा विश्वचषक चक्क हडफड्यात भरला होता, २०६ खेळाडू, जवळजवळ महिनाभर. पण बुद्धिबळात षटकार नसतो. शेवटी एक जण हात पुढे करतो, दुसरा तो धरतो, आणि वाहिनीवाल्याला कळेपर्यंत दोघंही चहाला गेलेले असतात.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी उलटी वाट आहे : आधी राजकारणात या, मग खेळा. गोव्यात आयर्नमॅन ७०.३ नावाची शर्यत भरते. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, ९० किलोमीटर सायकल मारायची, वर २१.१ किलोमीटर धावायचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तेजस्वी सूर्या आणि अण्णामलाई या दोन नेत्यांनी ती पूर्ण केली आणि खुद्द पंतप्रधानांनी त्यांचं जाहीर कौतुक केलं. कष्ट खरेच आहेत, तिन्हींत एकही टप्पा लटका नाही. तुम्हाला एकच प्रश्न : ती शर्यत जिंकली कोणी? बघा बरं आठवतंय का. पहिलं येणाऱ्यापेक्षा पूर्ण करणारा मोठा ठरतो अशी स्पर्धा सापडणं कठीण, आणि ती तुमच्या घरापासून तासाभरावर आहे.

आता तो ९२. राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा. ३६ वी गोव्याला मिळाली होती, ती पुढे ढकलता ढकलता २०२२ मध्ये गुजरातनं भरवली. आपल्या वाट्याला ३७ वी आली, ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३. उद्घाटन फातोर्ड्याला, पंतप्रधानांच्या हस्ते. गोव्यानं २७ सुवर्ण, २७ रौप्य, ३८ कांस्य मिळवली आणि नववा क्रमांक पटकावला. बेरीज ९२. यांतल्या दहा विजेत्यांची नावं सांगा. पाच? बरं, शुभंकराचं नाव सांगा. 'मोगा', गवा. बघा, ते लगेच आलं. त्याचे फलक सगळ्या नाक्यांवर होते आणि त्याला एकही सामना खेळावा लागला नाही.

खेळ ठरला असेल तर तारखेकडे वळू, कारण जिंकण्यापेक्षा कधी जिंकता याला महत्त्व आहे. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताच्या अंध महिला क्रिकेट संघानं कोलंबोत टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. दुसऱ्या दिवशी महिला कबड्डी संघानं ढाक्यात विश्वचषक जिंकला. त्याच आठवड्यात गुवाहाटीला पुरुषांचा कसोटी संघ दक्षिण आफ्रिकेकडून ४०८ धावांनी हरत होता. चर्चा कशावर झाली ते तुम्ही ऐकलंच आहे. तेव्हा भारताची कसोटी सुरू असेल त्या आठवड्यात विश्वविजेते होऊ नका, मग भारत जिंकत असो की हरत असो. निवडणुकीची आचारसंहिता लागलेली असेल तर तेव्हाही नको, कारण त्या काळात सरकारला नवं बक्षीस जाहीर करता येत नाही आणि आचारसंहिता उठेपर्यंत तुमचं पदक शिळं झालेलं असतं. आचारसंहितेच्या साधारण महिनाभर आधी जिंकलात तर मात्र तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच. एकाच पदकाचे चार सत्कार होतात : पंचायत, आमदार, आमदार होऊ इच्छिणारा, आणि त्या दोघांवर रुसलेला.

सत्काराचा फ्लेक्स हे स्वतंत्र शास्त्र आहे. दहा बाय आठ फुटांचा धरा. वरच्या पट्टीत गोल चौकटींतले दिल्लीचे नेते. उजवीकडे कमरेपासून वर, हात जोडलेले आमदार, उंची साधारण सहा फूट. मधे 'हार्दिक अभिनंदन'. खाली डावीकडे, जिथं शुभेच्छुकांची नावं सुरू होतात त्याच्या जरा वर, विजेता. हा फोटो बहुधा आधार कार्डावरचा असतो, कारण फ्लेक्सवाल्याचा फोन रात्री दहाला येतो आणि घरात तोच सापडतो. म्हणून मुलीचा पदक घातलेला, छातीपर्यंतचा, उजेडातला फोटो आधीच काढून ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवताना साधा पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा पाठवला की तो आकसतो, आणि फ्लेक्सवर नाकाच्या जागी चौकोन दिसतात. आमदारांचा फोटो कधीच फुटत नाही, त्यांचं माणूस तो मूळ आकारात खिशात घेऊन फिरतं.

व्यासपीठावरचा क्रम : समई, स्वागतगीत, मान्यवरांना पुष्पगुच्छ, प्रास्ताविक, प्रमुख पाहुण्यांचं भाषण, मग सत्कार. यात फसगत अशी की भाषण संपलं की पाहुण्यांना फोंड्याला दुसरा कार्यक्रम असतो, आणि उरलेली शाल उपसरपंच घालतात. तेव्हा सूत्रसंचालकाला आधी गाठून सत्कार भाषणाच्या अलीकडे घेववा. खेळाचं नाव त्याला मोठ्या अक्षरांत लिहून द्या. पेंचाक सिलाट या इंडोनेशियन मार्शल आर्टमध्ये पदक आणलेल्या पोराला 'पंचक शिलाईत' राज्याचं नाव उज्ज्वल केल्याचं ऐकावं लागू नये. शाल खांद्यावर पडताना वाकायचं असतं, पण नारळ घेताना सरळ व्हायचं, नाहीतर पुष्पगुच्छामागे पदक झाकलं जातं. बघायचं कॅमेऱ्याकडे. पाहुणेही तिकडेच बघत असतात, त्यामुळे उद्धटपणा होत नाही.

वर्तमानपत्राला बातमी तुम्हीच द्यायची असते. कोणी येईल म्हणून वाट बघू नका, खेळाच्या पानावर माणसं कमी आणि रात्री सामने जास्त. संध्याकाळी सातच्या आत पाठवा : नाव देवनागरीत, गाव, तालुका, वजनगट, अंतिम फेरीत कोणाला किती गुणांनी हरवलं, प्रशिक्षक कोण, फोटोत डावीकडून कोण कोण उभं आहे. यातलं छापून येईल ते असं : 'अमुक गावच्या सुकन्येने घवघवीत यश संपादन केले. तिच्यावर सर्वत्र अभिनंदनाचा वर्षाव होत आहे.' गुण गळतील, वजनगट गळेल, प्रशिक्षक तर हमखास गळेल. कौतुक करणाऱ्या बारा जणांची नावं मात्र पदासकट येतील. वर्षाव होत असल्याचं तुम्हालाही पेपरातूनच कळेल.

राहता राहिला पैसा. जाहीर होणं आणि मिळणं ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. शेजारच्या महाराष्ट्रातलंच घ्या. २०२२ मध्ये भारतानं पहिल्यांदा बॅडमिंटनचा थॉमस चषक जिंकला, त्या संघात मुंबईचा चिराग शेट्टी होता. दोन वर्षांनी टी-ट्वेंटी विश्वविजेत्या संघातल्या मुंबईकर क्रिकेटपटूंचा विधान भवनात सत्कार झाला, संघाला राज्यानं ११ कोटी जाहीर केले, तेव्हा त्यानं बोलून दाखवलं की आपल्या यशाची राज्य सरकारनं दखलच घेतली नव्हती. त्याची वेळ मात्र अचूक होती. तक्रार करायची तर दुसऱ्याच्या सत्काराच्या वेळीच करावी, कॅमेरे आधीच लागलेले असतात. खाशाबा जाधवांना हे कोणी सांगितलं नव्हतं. १९५२ मध्ये हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडला मिरवणुकीत १५१ बैलगाड्या होत्या. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. बैलांनी मात्र वेळेत हजेरी लावली होती.

आणि अर्ज भरा. पदक मिळालं म्हणजे कोणाला तरी माहीत असेलच, या भ्रमात राहू नका. मनू भाकरनं २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दोन कांस्यपदकं मिळवली, आणि त्यानंतर खेलरत्नच्या यादीत तिचं नाव नसल्याची बातमी आली. अर्ज भरताना आपल्याकडूनच काही राहिलं असावं, असं तिनंच म्हटलं. पुरस्कार नंतर मिळाला, पण ऑलिंपिकमध्ये दोनदा नेम धरणाऱ्या मुलीची ही अवस्था, तर तुमच्या मुलीच्या राज्य पातळीवरच्या रौप्यपदकाची फाईल स्वतःच्या पायांनी चालत जाईल असं वाटतं का? प्रमाणपत्रावर संघटनेचा जावक क्रमांक आहे ना ते तिथंच बघा. नावाचं स्पेलिंग आधार आणि बँक पासबुकाशी जुळतंय का बघा; गोव्यात एकाच आडनावाची चार स्पेलिंगं घरातच निघतात, आणि धनादेश परत येण्याचं ते पहिलं कारण. प्रत्येक कागदाच्या पाच झेरॉक्स, साक्षांकित. एक रद्द केलेला चेक.

अर्ज दिला की आवक शिक्का मारून पोच घ्या आणि फाईलचा क्रमांक लिहून आणा. मोबाइलमध्ये नको, वहीत लिहा. पैसे येईपर्यंत मोबाइल दोनदा बदललेला असतो.