मुदत भरत आलेल्या शुल्काचे आयुष्य कसे वाढवावे

आपल्या मालकीची पोलादी पत्रा काढणारी एखादी मोठी गिरणी असेल, चीनमधून तिथल्या भावापेक्षाही स्वस्त येणाऱ्या मालावर (अशा विक्रीला डम्पिंग म्हणतात) सरकारने अँटी-डम्पिंग शुल्क बसवलेले असेल आणि त्या शुल्काची पाच वर्षे आता भरत आली असतील, तर सर्वप्रथम मनातील घालमेल काढून टाकावी. सीमाशुल्क टॅरिफ कायदा, १९७५ याच्या कलम ९अ नुसार हे शुल्क पाच वर्षांनी संपते हे खरे. परंतु ते उठवल्यास डम्पिंग आणि त्यापासून होणारी हानी चालू राहण्याची किंवा पुन्हा उद्भवण्याची शक्यता दिसली, तर आणखी पाच वर्षांपर्यंत वाढवता येते, हेही त्याच कलमात लिहिलेले आहे. सुज्ञ उद्योजकाने कायद्याचे वाचन या दुसऱ्या भागापासून सुरू करावे. शिवाय ही शक्यता तपासणारा आढावा मुदतीपूर्वी सुरू झाला आणि मुदतीत संपला नाही, तर मधल्या काळात शुल्क वर्षभरापर्यंत चालू ठेवण्याचीही सोय आहे.

अर्ज नवी दिल्लीत संसद मार्गावरील जीवन तारा इमारतीत, डम्पिंगची चौकशी करणाऱ्या व्यापार उपाय महासंचालनालयाकडे करायचा असतो. तो लिहिताना आकडे प्रतिकूल निघतील अशी भीती नवख्यांना वाटते. ती निराधार आहे, कारण या आढाव्यात प्रतिकूल आकडा असा नसतोच. पाच वर्षांत आयात घटली असेल, तर शुल्क गुणकारी ठरले, ते काढताच लोंढा येईल, असे लिहावे. आयात वाढली असेल, तर शुल्क असतानाही ही स्थिती आहे, ते नसते तर काय झाले असते, असा प्रश्न विचारून पुढे जावे. आयात होती तेवढीच राहिली असेल, तर चिनी कारखान्यांच्या पडून असलेल्या उत्पादनक्षमतेचा एक तक्ता जोडावा. आपल्याला तोटा होत असल्यास हानी उघडच आहे; नफा होत असल्यास तो शुल्काच्या आधाराने उभा आहे, म्हणून नाजूक आहे. मध्यंतरी आपण गिरणीची क्षमता दुपटीने वाढवली असेल, तर तेही लपवू नये. सरकारच्या शब्दावर विसंबून एवढी गुंतवणूक केली, आता शुल्क काढले तर ती बुडेल, हे वाक्य बँकांच्या काळजीसह लिहिल्यास उत्तम वजन येते. आपण स्वतःच तो परदेशी माल अधूनमधून मागवत असाल, तर मात्र त्याची कारणे आधीच तयार ठेवावीत, कारण आयातदार असलेल्या उत्पादकाला ‘देशी उद्योगा’तून वगळण्याचा अधिकार महासंचालनालयाला आहे, हल्ली तो सरसकट वापरला जात नाही, एवढाच दिलासा.

किमतींच्या हिशेबाचेही दडपण घेऊ नये. माल त्याच्या मायदेशात काय भावाने विकला जातो हे शोधण्यासाठी चीनला जावे लागत नाही. तेथील उत्पादक बाजाराच्या नियमांनी चालतात असे सिद्ध झाले नाही, तर भारतातील किमतीवरून किंवा खर्चावरून त्यांचा ‘सामान्य भाव’ रचता येतो. आपल्याला हानी न होणारी किंमत ठरवताना गुंतवलेल्या भांडवलावर करपूर्व २२ टक्के परतावा धरण्याचा प्रघात आहे. आपल्या गिरणीने भर तेजीतही एवढा परतावा पाहिला नसेल, तर संकोच बाळगू नये. हा परतावा मिळाला पाहिजे असे कोणी म्हणत नाही, तो मिळत नाही याला हानी म्हणतात, इतकेच. अर्जाच्या सर्वांना दाखवायच्या प्रतीत या आकड्यांच्या जागी तीन तारे घालावेत आणि पहिले वर्ष १०० धरून निर्देशांक द्यावेत, म्हणजे विरोधकाला आपल्या ताऱ्यांवर मुद्देसूद आक्षेप घेण्याची पूर्ण संधी मिळते.

आता त्या विरोधकाविषयी. भाईंदरला स्टेनलेसची भांडी ठोकणारा छोटा कारखानदार हा आपलाच पत्रा वापरतो, पण त्याची फार चिंता करू नये. त्याच्यासाठीही प्रश्नावली आहे. ती पानेच्या पाने असते, आणि त्याच्याकडे ती भरायला वकील नाही, कॉस्ट अकाउंटंट नाही, सुनावणीसाठी दिल्लीचे तिकीट काढायला उसंत नाही. तो आला नाही तर वापरकर्त्यांनी हरकत घेतलेली नाही, अशी नोंद होते. आलाच, तर शुल्काचा परिणाम नेहमी गिऱ्हाइकाच्या डब्यावर मोजावा, कारखान्याच्या नफ्यावर कधीही मोजू नये. एका डब्यामागे अमुक पैसे, म्हणजे नगण्य, असे उत्तर येते. ते पैसे गिऱ्हाईक देत नाही आणि कारखानदाराच्या किलोमागच्या तुटपुंज्या नफ्यातून जातात, हा प्रश्न या चौकशीच्या व्याप्तीबाहेरचा आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. शुल्काची व्याख्या जितकी काटेकोर, तितका व्यापारी कल्पक होतो. कोल्ड-रोल्ड स्टेनलेस पत्र्यावर ६०० ते १२५० मिलिमीटर रुंदीपर्यंत शुल्क होते, तेव्हा १२५० पेक्षा रुंद पत्रा येऊ लागला आणि इथे उतरल्यावर उभा चिरून पूर्वीच्याच मापाचा झाला. त्याचीही चौकशी झाली आणि २०१७ मध्ये रुंद पत्रा शुल्काखाली आला. तेव्हा व्याख्या लिहिताना पत्रा कापण्याच्या यंत्राचाही विचार करावा.

हे सर्व करूनही दिल्लीत दुसरे एक दार राहते. महासंचालनालय केवळ शिफारस करते, शुल्क अर्थ मंत्रालय लावते, आणि ते नकारही देऊ शकते. १ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात धातूंचे चढे भाव आणि व्यापक लोकहित लक्षात घेऊन स्टेनलेस पोलाद, लेपित पोलादाचे पत्रे, मिश्र पोलादाचे गज आणि हायस्पीड पोलाद यांवरील काही अँटी-डम्पिंग आणि अनुदानविरोधी शुल्के कायमची उठवण्यात आली. ती आदल्या वर्षीच स्थगित झालेली होती. एवढ्या परिश्रमाने जमवलेल्या ताऱ्यांचे असे झाले, तरी निराश होऊ नये. सेफगार्ड शुल्कासाठी परदेशी विक्रेत्याने काही गैर केले हे दाखवण्याचीही गरज नसते; आयात एकाएकी वाढली आणि गंभीर हानी झाली किंवा होऊ घातली, एवढे पुरते. २१ एप्रिल २०२५ रोजी सपाट पोलादी मालावर २०० दिवसांसाठी लागलेले १२ टक्के हंगामी शुल्क याच वाटेने आले आणि पुढे तीन वर्षांचे झाले. दुसऱ्या वर्षासाठी साडेअकरा आणि तिसऱ्या वर्षासाठी अकरा टक्के असा दर ठरलेला आहे. त्यातून स्टेनलेस वगळलेले आहे. आपण स्टेनलेसवाले असाल, तर अँटी-डम्पिंगचाच नवा अर्ज करावा. त्यात गिरणीची क्षमता तेवढी नव्याने भरावी. बाकीचा मजकूर जुना चालतो.