जाळीदार

मुलीच्या लग्नानंतरचा पहिला अधिक महिना आला. अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. बायकोनं कॅलेंडरवर लाल पेनानं गोल केला आणि खाली नुसतं ‘३३’ लिहिलं. मला वाटलं, तापमान. पुण्यात मे महिन्यात ३३ म्हणजे चंगळच, म्हणून मी खुशीत चहा मागितला.

“तेहतीस अनारसे,” ती म्हणाली. “जावयाला वाण द्यायचंय. आणि आठवडाभर राहणार आहेत दोघं, तेव्हा आतलं कपाट मोकळं करा. ते जुने कपडे विका आणि येताना अनारसे घेऊन या.”

येताना! जसं काही कोथिंबीर.

“घरीच का नाही करत?” हा प्रश्न मी मनातच ठेवला. अनारशाचा तांदूळ तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, सावलीत पंच्यावर पसरायचा, ओलसर असतानाच दळायचा, गूळ घालून गोळे डब्यात मुरवत ठेवायचे. एवढं सगळं गेल्या दिवाळीत आमच्याकडे यथासांग झालं होतं. खसखशीवर थापलेला पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला, म्हणजे फुटून तुपात पसरला. दुसरा त्याच्याकडे बघून हसला. मग अख्खी कढईच खदखदून हसली. शेवटी मी हसलो. त्यानंतर आमच्या घरात तांदूळ भिजलेला नाही.

कपड्यांसाठी भाच्यानं मोबाइलवर जाहिरात टाकून दिली. मी खिडकीजवळ पँट धरून उभा राहिलो, त्यानं फोटो काढला. दोन दिवसांत एकच विचारणा आली: “मागचा कूलर द्यायचाय का?”

आईचा जुना जरीचा शालू घेऊन पेठेतल्या एका जरवाल्याकडे गेलो. खऱ्या जरीत चांदी असते, ती वजनावर जाते, एवढं ऐकून होतो. त्यानं एक धागा उसवला, दगडावर घासला आणि म्हणाला, “टेस्टेड आहे.” कसोटीला उतरली म्हणून माझी छाती फुगली. टेस्टेड म्हणजे आत तांबं, हे त्यानं शालू घडी करून परत दिल्यावर कळलं.

मिठाईच्या दुकानांत तर वेगळीच तऱ्हा. अनारसे? दिवाळीत या. आत्ता आंबा बर्फी. अधिकाचं कारण सांगितल्यावर एक जण उदार झाला. “मैसूरपाक न्या, काका. जाळीदार काहीही चालतं.” दुसऱ्यानं बत्तासे दाखवले. शास्त्राला चालतं, मान्य. पण माझ्या बायकोला चालतं का, हे त्या शास्त्रात कुठेच दिलेलं नाही.

उरली बोहारीण. पूर्वी ती बरोब्बर दुपारी दोनला, डोळा लागला की जिन्यात हाक द्यायची. आता येत नाही, कारण सोसायटीच्या फाटकावर ‘फेरीवाल्यांस सक्त मनाई’ अशी पाटी आहे. मी सेक्रेटरी असताना मीच लावलेली. ‘सक्त’ हा शब्दही माझाच. तेव्हा गाठोडं खांद्यावर टाकून त्या पाटीखालून मीच फेरीवाल्यासारखा बाहेर पडलो. वॉचमननं सवयीनं हटकलंसुद्धा.

पिंपळाखाली स्टीलच्या भांड्यांची उतरंड लावून ती बसली होती. गाठोडं सोडलं आणि ती कामाला लागली. पँट उन्हाकडे धरून बुडाचा भाग पाहिला. गुडघ्यांत आतून बोट घातलं. चेन तीनदा वरखाली केली. शर्टाच्या कॉलरी उलटून पाहताना माझ्या मानेकडे असा एक कटाक्ष टाकला की मी नकळत मान पुसली. माझी ठेवणीतली बनियन तर दोन बोटांत धरून बाजूला टाकली. “याची जाळी झालीया, काका.”

महिनाच जाळीचा. मी ती परत पिशवीत घातली.

“येवढ्यावर ही वाटी मिळंल.” वाटी चटणीची होती. मी पातेल्याकडे बोट दाखवलं. तिनं पातेलं उचलून माझ्यापासून लांब ठेवलं. मी उठायचं नाटक केलं. बायको उठली की मागून हाका येतात. मी पार कोपऱ्यापर्यंत गेलो, कोणी हाक मारली नाही. परत आलो. “वैनींना पाठवायचं होतं,” ती म्हणाली, आणि तिला पहिल्यांदाच माझी दया आली असावी, कारण तळाशी राहिलेला तपकिरी सूट तिनं स्वतःच ओढून काढला. खांद्यात घट्ट होतो म्हणून मी तो फारसा घातलाच नव्हता. अस्तर, बटणं, सगळं जागच्या जागी. खिशातून एक सुपारी निघाली, ती तिनं प्रामाणिकपणे मला परत दिली. सगळं धरून एक मोठं काठाचं ताट ठरलं.

“अजून काय शोधताय?” तिनं विचारलं. मी सांगितलं. “मग दुकानं कशाला हिंडताय? तिसऱ्या बोळात, नळाच्या शेजारी, आजी हाय. पितळी डबे झ्याक हायेत तिच्याकडं, पर देत नाय म्हातारी.” गावातल्या कुठल्या घरात काय शिजतं, याचा याहून विश्वासू नकाशा माझ्या मोबाइलमध्ये नाही.

आजींच्या दाराला पाटी नव्हती, पण पायरीवर चार सासवा बसल्या होत्या. आतून तुपाचा वास. आजी झाऱ्यानं अनारशावर तूप उडवत होत्या. खसखशीची बाजू वर, उलटायचं नाव नाही. माझा नंबर लागायला दीड तास गेला. “डबा?” मी ताट पुढे केलं. आजींनी ते टिचकी मारून वाजवलं, तेहतीस मोजले आणि एक हसलेला वर ठेवला. “हा तुम्हाला. थकलेले दिसताय.”

घरी बायकोनं आधी अनारसे पाहिले, मग ताट. “जड आहे हो. कशावर मिळालं?”

“त्या तपकिरी सुटावर.”

ती थांबली. “१९९६च्या अधिक आषाढातला? बाबांनी तुम्हाला वाणात दिलेला?”

मी गुपचूप सुपारी काढून ओट्यावर ठेवली. तिनं ती धुतली, पुसली आणि ताटात अनारशांशेजारी मांडली. दिवा लावून वाण दिलं. जावईबापूंनी वाकून नमस्कार केला, एक अनारसा तोंडात टाकला आणि ताट हातात तोलून म्हणाले, “बाबा, ताट मस्त आहे. कसं पडलं?”

बायको माझ्याकडे बघत होती.

“खांद्यात जरा घट्ट होतं,” मी म्हणालो.