वाघाचे फोटो भरपूर झाले, आता गावच्या तलावाकडे वळा

आमच्या भंडारा-गोंदियात एखाद्या पोट्ट्याच्या हाती कॅमेरा आला की त्याची पहिली धाव नागझिऱ्याच्या गेटकडे. जिप्सीचे पैसे जमवायचे, पहाटे रांगेत लागायचं, आणि दिसलाच तर त्याच रस्त्यावर बसलेल्या त्याच वाघाचा फोटो काढायचा, जो त्या सकाळी बाकीच्या सगळ्या गाड्यांनीही काढलेला असतो. वाघाशी माझं काही वाकडं नाही. ताडोबा, पेंच, नागझिरा यांनी विदर्भाचं नाव केलं, जंगलालगतच्या गावांतल्या पोरांना गाइडची कामं दिली. पण या फोटोची हाव कुठवर जाते तेही आपण पाहिलं. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे बछडे पर्यटकांच्या गाड्यांच्या मधोमध अडकले. व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

माझं म्हणणं सरळ आहे. वाघ मोजायला वनखातं आहे. त्यांचे कॅमेरा ट्रॅप आहेत, पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखला जातो. तुमच्या गावच्या तलावाची नोंद कोण ठेवतं? हे काम हौशी फोटोग्राफरचं आहे, आणि गावात राहणाराच ते करू शकतो. पुण्या-मुंबईचा माणूस कितीही भारी लेन्स घेऊन आला तरी दोन दिवसांत परत जातो. तलाव बाराही महिने बदलत असतो आणि बाराही महिने त्याच्याजवळ आपणच असतो.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हजारोंनी आहेत. कोहळी समाजातल्या जाणकारांनी जमिनीचा उतार पाहून ते बांधले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं आजही लोक सांगतात. धानाला पाणी, मासेमारी करणाऱ्या ढिवरांना मासोळी, ढोरांना पिणं, सगळं त्यावरच. आणि पाखरांचं तर विचारूच नका. पावसाळ्यात लांब शेपटीचा कमळपक्षी तरंगत्या पानांवर अंडी घालतो. ती उबवतो नर, मादी तोवर दुसऱ्या नराशी जोडी जमवते. हिवाळ्यात डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून येतात. पाणी आटू लागलं की उघड्या चोचीचे करकोचे चिखलातून गोगलगायी काढत फिरतात. यातलं काहीही टिपायला तिकीट लागत नाही.

आता त्याच तलावांत बेशरम नावाची रानटी वनस्पती माजली आहे. काठावरून सुरू होते आणि बघता बघता पाण्यात शिरते. ती शिरली की पाणवनस्पती जातात, मासे कमी होतात, मग पाखरंही जातात. गोंदिया जिल्ह्यात ढिवर समाजाच्या बायांनी पाण्यात उतरून बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या आणि मासोळी परत आणली. एवढं मोठं काम, पण आधीचा तलाव कसा होता आणि नंतरचा कसा झाला, हे दाखवणारे फोटो किती गावांकडे असतील? म्हणून सांगतो, पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, एक जागा ठरवा. दर महिन्याला तिथेच उभं राहून, त्याच दिशेने एक फोटो काढा. तो दिसायला साधा असेल, त्याला लाइक येणार नाहीत. पण पाच वर्षांनी ग्रामसभेत कोणी म्हणालं की तलाव आधीपासून असाच होता, तर ते फोटो समोर ठेवता येतील.

यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. तलावाला, कमळाला, चतुराला मोबाईल पुरतो. पाखरांसाठी सेकंडहँड कॅमेरा आणि ५५-२५० मिमीची झूम लेन्स मिळाली तरी पुष्कळ. उडत्या पाखराला शटरचा वेग १/१००० सेकंदापेक्षा जास्त ठेवा, सकाळच्या उजेडात सूर्य पाठीशी घ्या. बाकी हात बसला की जमतं.

लेन्सपेक्षा जास्त काळजी घरट्यांची करा. एप्रिल-मे मध्ये तलावाच्या कोरड्या भागात, गोट्यांमध्ये टिटवी अंडी घालते. बहुतेक वेळा चार, मातकट, काळे ठिपके असलेली. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. आपल्याकडचं ऊन ठाऊकच आहे. टिटवी पाण्यात जाते, पोटाची पिसं ओली करते आणि परत येऊन अंड्यांवर बसते, ती थंड राहावीत म्हणून. लांब बसून बघितलं तर तिची ही ये-जा दिसते. पाण्यातून निघाल्यावर ती सरळ अंड्यांकडे येत नाही. थांबते, मान वर करते, दोन पावलं टाकते, पुन्हा थांबते. पोटाखालून थेंब गळत असतात. अशा वेळी कोणी कॅमेरा घेऊन अंड्यांजवळ ठाण मांडलं, तर टिटवी वरून ओरडत घिरट्या घालते आणि इकडे अंडी उन्हात भाजतात. फोटो झकास येतो, पिल्लं मात्र निघत नाहीत. असे फोटो काढू नका, आणि कोणी टाकले तर त्याला टोका.

सारसाच्या बाबतीत तर फारच जपा. महाराष्ट्रात आता मुख्यतः गोंदिया आणि भंडाऱ्याकडेच हे पाखरू उरलं आहे. त्यांची संख्या घटत चालल्याची दखल नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून घेतली होती. माणसाच्या उंचीचं हे पाखरू धानाच्या बांधीत, साचलेल्या पाण्यात गवताचा ढीग करून अंडी घालतं. ज्याच्या बांधीत घरटं आहे त्या शेतकऱ्याला विचारल्याशिवाय धुऱ्यावर पायसुद्धा ठेवू नका, कारण धान त्याचं तुडवलं जातं आणि घरटं राखतो तोच. फोटो टाकायचाच असेल तर पिल्लं मोठी झाल्यावर टाका, आणि फक्त तालुक्याचं नाव लिहा. मोबाईल फोटोतच जागेची नोंद ठेवतो, ती बंद करा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर जागा धूसर ठेवायची सोय आहे, ती वापरा.

माणसांच्या फोटोंचंही हेच आहे. धानाची रोवणी सुरू झाली की चिखलात वाकलेल्या बायांचे फोटो फेसबुकवर भरून वाहतात. बहुतेक पाठमोरे, नाहीतर नुसते हात-पाय. आमच्याकडच्या बांधीत एका म्हातारीने मला थेट विचारलं, "काहून रे बाबू, चिखलाचे पायच काढतं का? तोंड नाही का आमाले?" मग सगळ्या जणी सरळ उभ्या राहिल्या, पदर नीट केले, हातात पऱ्हे (धानाची रोपं) तसेच, आणि कॅमेऱ्याकडे बघून हसल्या. तो फोटो मी साकोलीहून छापून आणून प्रत्येकीच्या घरी दिला. विचारून काढावा, नाव लिहावं, एक प्रत द्यावी. मजुरी करणाऱ्या बाईचा फोटो स्पर्धेत बक्षीस मिळवतो आणि तिच्या घरात मात्र तो नसतो, हे मला पटत नाही.

अजून एक. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि गावच्या झाडं-पाखरं-प्राण्यांची नोंद ठेवणारी लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. मी एका गावची नोंदवही पाहिली. पाखरांची यादी होती, पण फोटो कुठल्या तरी वेबसाइटवरून उचललेले, मागे दिसणारी झाडंही आपल्याकडची नाहीत. गावात चार पोरं मोबाईल घेऊन फिरत असताना हे व्हायला नको होतं. सरपंचांना, ग्रामसेवकांना भेटा, नोंदवही बघायला मागा, तिच्यात तुमचे फोटो तारखेसह लावा. घरट्यांचे फोटो त्यात नकोत, बाकी सगळं चालेल: मासोळ्या, पाणवनस्पती, चतुर, बेडकं, धानाच्या जुन्या जाती.

आणि ज्यांच्या घरी जुने अल्बम आहेत त्यांनी ते एकदा काढून बघा. लग्नाची वरात, तान्हा पोळा, मंडईची जत्रा, पाळीवर उभं राहून काढलेला घरच्यांचा फोटो. अशा कितीतरी फोटोंत मागे तलाव आलेला असतो. स्कॅनरची गरज नाही. फोटो खिडकीच्या उजेडात ठेवा आणि मोबाईलने सरळ वरून काढा. मागच्या बाजूला कोणी तारीख लिहिली असेल तर तिचाही काढा. तलावाचं आणि गावाचं नाव लिहून मला मेसेंजरवर पाठवा. मी तलावनिहाय अल्बम लावायला सुरुवात केली आहे. साकोली, लाखांदूर आणि अर्जुनी-मोरगावकडचे फोटो आधी हवे आहेत.