सरकारी पगारावर जप्ती येत नाही, हा समज अर्धवट आहे

‘सरकारी नोकराच्या पगाराला न्यायालयही हात लावू शकत नाही, त्यामुळे पतसंस्थेचे हप्ते थांबवले तरी चालते’ असा संदेश सध्या कर्मचाऱ्यांच्या गटांमध्ये फिरत आहे. तो दिशाभूल करणारा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार, पोटगी वगळता अन्य हुकूमनाम्यांसाठी (म्हणजे दिवाणी दाव्यातील न्यायालयाच्या निर्णयांसाठी), पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग एवढाच जप्तीपासून सुरक्षित असतो. म्हणजे जप्तीसाठी धरायचा पगार ४०,००० रुपये असेल, तर त्यातील १३,००० रुपये दरमहा जप्त होऊ शकतात. एकाच हुकूमनाम्यासाठी अशी जप्ती एकूण २४ महिने झाली की त्या हुकूमनाम्यापुरती ती कायमची संपते, आणि संदेश लिहिणाऱ्याने बहुधा एवढेच ऐकले असावे.

पतसंस्थेची कपात ही मुळात जप्ती नव्हेच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ खाली कर्ज घेताना सभासदाने करारनामा दिलेला असतो आणि त्याआधारे संस्थेने मागणी केल्यावर कार्यालय पगारातून हप्ता कापते. त्यासाठी न्यायालयात जावे लागत नाही.

भविष्य निर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन यांना मात्र जप्तीपासून खरोखरच कायदेशीर संरक्षण आहे.