गंगाराम कुणाचा शिष्य?

सवाई माधवराव आणि शेजारी नाना फडणवीस, हे चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेलच. जेम्स वेल्सने ते १७९२ मध्ये काढलं. मूळ चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. वेल्सचं नाव निघालं की आपण तेवढ्यावर थांबतो, पुण्याचा चित्रकार गंगाराम तांबट मागेच राहतो, आणि मला तेच खटकतं.

हा स्कॉटलंडमधल्या पीटरहेडचा गडी. चित्रकला बहुतेक आपली आपणच शिकलेला. १७९१ मध्ये, चव्वेचाळिशीच्या आसपास, मुंबईत उतरला. पोटासाठी व्यक्तिचित्रं, पण मला विचाराल तर त्याचे मुंबईचे १२ देखावेच खरे बघण्यासारखे. शीवच्या किल्ल्यावरून, माझगावच्या बेलमाँटवरून, ब्रीचच्या बांधावरून (आपलं हॉर्नबी वेलार्ड हो). भराव आणि टॉवर यायच्या आधीची मुंबई. लंडनमध्ये ते प्रसिद्ध झाले १८०० साली, आणि वेल्स तर १७९५ मध्येच गेला होता.

पुण्यात इंग्रजांचा वकील, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला त्यांचा राजदूत, होता चार्ल्स मॅलेट. त्याच्या आणि वेल्सच्या खटपटीतून शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली. तिथलं गाजलेलं नाव गंगाराम चिंतामण तांबट. बऱ्याच लेखांत त्याला 'वेल्सचा शिष्य' म्हणून मोकळे होतात. अहो, तारखा तरी बघा! गंगारामने पेशव्यांच्या शिकारखान्यातला (प्राणिसंग्रहच म्हणा) गेंडा चितारला नोव्हेंबर १७९० मध्ये. तेव्हा वेल्सने मुंबईचा किनाराही पाहिला नव्हता. वेल्सकडून त्याने काही उचललं असेल, नाही म्हणत नाही. पण आपल्या आपण शिकलेला स्कॉच माणूस 'कलावंत' आणि आधीच हात बसलेला तांबट मात्र 'शिष्य', हा कुठला न्याय?

वेरूळची लेणी दोघांनीही रेखाटली. वेल्सच्या वेरूळच्या चित्रांचा संग्रह पुढे इंग्रज चित्रकार थॉमस डॅनियलच्या देखरेखीखाली १८०३ मध्ये निघाला. पेशव्यांच्या दरबाराचं मोठं चित्रही वेल्सच्या तयारीवरून डॅनियलनेच १८०५ मध्ये पुरं केलं. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव वाड्यावरून पडून गेले, आणि पुढच्याच महिन्यात मुंबईलगतच्या साष्टीत लेण्यांचं काम चालू असताना तापाने वेल्स.

गंगारामचा तो गेंडा आता अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. ऑनलाइन सापडतो. आधी तो बघा, मग 'शिष्य' म्हणायचं की नाही ते कमेंटमध्ये सांगा.