लेबनन : ‘अमेरिकेचा मध्य’, पण कोणत्या अमेरिकेचा?

‘कॅन्सासमधलं लेबनन हे शहर अमेरिकेच्या बरोब्बर मध्यावर आहे,’ असा मजकूर तिथल्या स्तंभाच्या फोटोसह फिरतोय. खुलासा करायला हवा. तो मध्य फक्त एकमेकांना लागून असलेल्या ४८ राज्यांचा. १९५९ साली अलास्का आणि हवाई ही राज्यं झाली आणि साऱ्या देशाचा मध्यबिंदू साउथ डकोटा राज्यात, बेल फूश गावाच्या उत्तरेला सरकला. लेबननजवळचा मध्य ठरवणाऱ्या १९१८ च्या मोजणीची तर गंमतच : पुठ्ठ्याचा नकाशा कापला आणि तो कुठे तोलला जातो ते पाहिलं! फोटोतला दगडी स्तंभही त्या बिंदूवर नाही; बिंदू पडला खासगी शेतात, म्हणून स्तंभ थोडा बाजूला, गावाबाहेर उभारला. आणि शहर कसलं? २०२० च्या जनगणनेत वस्ती दोनशेच्याही आत.