सिस्टरांनी हेल्पलाइनला फोन का केला नाही?

करोनाकाळात परिचारिकांसाठी समुपदेशनाच्या हेल्पलाइन होत्या, तरी फारसे कोणी फोन केले नाहीत, तेव्हा त्यांच्या मानसिक त्रासाची चर्चा अतिरंजित आहे, असा युक्तिवाद महाराष्ट्रातील परिचित डॉक्टरांकडून आणि रुग्णालय-व्यवस्थापकांकडून मी आजही ऐकते. ‘तुमच्याकडे तिकडे सगळी सोय असते’ हे वाक्य त्याला हमखास जोडलेले असते. लंडनमध्ये अतिदक्षता विभागात काम करणारी परिचारिका म्हणून मला यातील पहिले म्हणणे मुळीच मान्य नाही आणि दुसरे अर्धेच खरे वाटते.

2020 च्या जून-जुलैमध्ये किंग्ज कॉलेज लंडनचे प्राध्यापक नील ग्रीनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील 9 अतिदक्षता विभागांतील 709 कर्मचाऱ्यांची पाहणी केली. सुमारे 40 टक्के जणांत आघातोत्तर तणावाची लक्षणे आढळली, 13 टक्के जणांच्या मनात स्वतःला इजा करण्याचे किंवा मरण बरे असे विचार वारंवार येत होते, आणि परिचारिकांची अवस्था डॉक्टरांहून वाईट होती. याचे मला आश्चर्य वाटले नाही. व्हेंटिलेटरवरील एका रुग्णामागे एक प्रशिक्षित परिचारिका ही इथली रीत. लाटेच्या काळात हे प्रमाण सहा रुग्णांपर्यंत ताणण्याची मुभा देण्यात आली. नातेवाइकांना आत प्रवेश नसल्यामुळे शेवटच्या क्षणी रुग्णाच्या कानाशी फोन धरून उभे राहण्याचे काम आमच्याकडे आले, आणि एका खाटेपाशी उभे असताना दुसऱ्या खाटेवरच्या माणसाला आपण देऊ शकलो असतो ती काळजी दिली नाही, ही बोच कितीतरी जणींच्या मनातून अद्याप गेलेली नाही.

इंग्लंडने 2021 मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी 40 मानसिक आरोग्य केंद्रे उभारली, हे खरे. परंतु मार्च 2023 नंतर त्यांचा केंद्रीय निधी थांबला आणि त्यांतील कित्येक बंद पडली. दर गुरुवारी रात्री आठ वाजता ज्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या, त्याच परिचारिका डिसेंबर 2022 मध्ये पगारासाठी संपावर गेल्या.

महाराष्ट्रातील माझ्या मैत्रिणींनी फोन का केला नाही, हे त्यांच्याच तोंडून ऐकले आहे. पीपीई किट चढवून तासन्‌तास पाण्याचा घोटही न घेता ड्युटी करायची, नंतर चौघींच्या खोलीत परतायचे, आणि तिथे इतरांच्या देखत अनोळखी समुपदेशकाला काय सांगायचे? शिवाय अकरा महिन्यांच्या कंत्राटावर असलेल्या सिस्टरला, आपल्याला झोप लागत नाही ही गोष्ट मेट्रनच्या कानावर गेली तर कंत्राट वाढेल का, ही धास्ती असतेच. करोनाकाळात भारतात आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी केलेल्या, मृत्यू झाल्यास 50 लाखांचा विमा आणि हल्लेखोराला सात वर्षांपर्यंत कैद, या दोन्ही तरतुदी आवश्यक होत्या. पण त्या जिवाला आणि शरीराला होणाऱ्या इजेपुरत्या होत्या.

लंडनमध्ये आमच्या विभागात उपयोगी पडले ते साधे होते. मानसोपचारतज्ज्ञ आमच्या विश्रांतीच्या खोलीत येऊन बसत, आणि इनचार्ज सिस्टरला बोलण्यासाठी वेळ मिळावा म्हणून तिच्यावर रुग्णांची जबाबदारी टाकली जात नसे. घडलेले सगळे ताबडतोब सर्वांसमोर वदवून घ्यायचे, असे मात्र कोणी केले नाही, आणि ते योग्यच झाले. आघातानंतर अशी सक्तीची सत्रे घेऊ नयेत, असेच ब्रिटनची ‘नाइस’ ही मार्गदर्शक संस्था सांगते.

मे 2022 मध्ये महाराष्ट्रातील सरकारी परिचारिकांनी बाह्यस्रोतातून होणाऱ्या भरतीविरुद्ध संप केला, तेव्हा त्याची चर्चा पगार आणि पदे एवढ्यापुरतीच झाली. माझ्या मते ती मनःस्वास्थ्याचीही मागणी होती, कारण कायम नोकरी असलेली सिस्टरच आपला त्रास निर्धास्तपणे बोलून दाखवू शकते. ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनची 14416 ही सेवा उपलब्ध आहे आणि ती असलीच पाहिजे. तिच्याबरोबर प्रत्येक रुग्णालयाने समुपदेशनाचा वेळ ड्युटीत धरावा, आणि मानसिक उपचार घेतल्याच्या कारणावरून कोणाचेही कंत्राट थांबवले जाणार नाही, हे नेमणूकपत्रातच लिहून द्यावे.